पहिलीच्या वर्गाची ढवळणी

शहापूरच्या एका शिक्षक-प्रशिक्षणात मी माझ्या पहिल्या नोकरीतल्या गुरुजींना उड्या मारताना पाहिलं, आणि त्या दिवशी दुपारचं जेवण माझ्या घशाखाली उतरलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहरातून आलेला एक तरुण मार्गदर्शक सांगत होता की लहान मुलं फार वेळ एका जागी बसू शकत नाहीत, मध्येमध्ये त्यांना उठवा, हातपाय झटकायला लावा, उड्या मारू द्या, मग पुढचा धडा घ्या. नुसतं सांगून थांबला नाही, आम्हा सगळ्यांना उठायला सांगून त्याने ते करायला लावलं. गुरुजी पहिल्या रांगेत होते. केसांना कलप, निवृत्ती तोंडावर, आणि दोन्ही हात वर करून टुणटुण उड्या. मार्गदर्शक म्हणाला, "वा सर, काय उत्साह आहे." गुरुजींनी लाजून मान हलवली. मी मागच्या बाकावर दातओठ खात बसून राहिले. मार्गदर्शकाने विचारलं, मॅडम, तुम्ही उठत नाही? गुडघे दुखतात, मी म्हटलं. गुडघे ठणठणीत होते.

याच उड्यांवरून या माणसाने माझा वर्ग जागेवरून हुसकवायला मदत केली होती. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात, पण माझ्या बाबतीत अजून तरी तसं काही झालेलं नाही.

नव्वदीच्या दशकातली ती माझी पहिली नेमणूक. मी वाशिंदला वाढलेली. वडील कारखान्यात कामाला, घरात शहाबादी फरशी, शेताशी संबंध रेल्वेच्या खिडकीतून दिसण्यापुरता. नेमणूक मिळाली ती अशा गावात, की शहापूरकर म्हणायचे ते मुरबाडकडचं आणि मुरबाडकर म्हणायचे ते शहापूरकडचं. एसटी त्या गावाला टाळता येईल तेवढी टाळायची. शाळा दोन खोल्यांची आणि शिक्षक दोन. गुरुजी मुख्याध्यापक, आणि दुसरी मी. मी गेले त्याच वर्षी एका खोलीचा वासा वाकला आणि ती खोली बंद झाली. चांगली खोली गुरुजींनी तिसरी-चौथीसाठी ठेवली आणि मला पहिली-दुसरी घेऊन शाळेसमोरच्या एका म्हाताऱ्याच्या पडवीत पाठवलं.

"मोठ्यांना अभ्यास असतो, बाई," ते म्हणाले. "लहानांचं काय, कुठेही चालतं."

हा म्हातारा गावातला जुना शेतकरी, शाळा समितीचा सभासद. मुलगा आणि सून वाशिंदच्या नव्या इमारतीत राहायला गेलेले, घरात हा एकटा. पडवी लांबलचक, शेणाने सारवलेली, आणि समोर भात झोडायचं खळं. पडवी त्याने आनंदाने दिली, कारण "शाळा माझ्या घरात भरते" असं त्याला चारचौघांत सांगता यायचं. शाळेत मुलं असतात ही अडचण मात्र त्याच्या ध्यानात आली नसावी. पडवीच्या आतल्या दाराशी खाट टाकून तो दिवसभर आमच्यावर पहारा द्यायचा. कुणी खोकलं तरी त्याच्या कपाळाला आठी.

माझ्या पहिलीत वरच्या वाडीतली एक मुलगी होती. उन्हाने तांबूस झालेले केस, गुडघ्यांवर कायम ओरखडे, आणि बसणं म्हणून ठाऊक नाही. पाटी हातात घेतली की दुसऱ्या क्षणाला ती पडवीच्या कडेला, तिसऱ्याला म्हाताऱ्याच्या गोठ्यात. वासा वाकल्यावर पडवी मिळेपर्यंत सगळे वर्ग एकत्र बसले होते, तेव्हा गुरुजींनी तिला आपल्या टेबलाखाली कोंबलं होतं. पाय लांब करायला जागा नाही अशी ती तिथे शाळा सुटेपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. मी वाडीवर जाऊन तिला परत आणलं. तिची आई चुलीपुढून न उठताच म्हणाली, "तुमच्यात बसली तं बसली, बाई. त्या गुरुजीच्यात मी नाय धाडाची. बकऱ्या हायेतच तिच्या वाटंला." म्हणजे पडवी गेली, की ही मुलगी गेली. इतकं ते उघड होतं.

म्हणून मी ढवळणी काढली. डाळ शिजत ठेवली की मध्येमध्ये ढवळावी लागते, नाहीतर खाली लागते. ही मुलंही तशीच खाली लागायची. डोळे शून्यात, बोटं नाकात, कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढलेला. तसं दिसायला लागलं की मी खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, ढवळा. मग सगळे उभे. टाचा आपटायच्या, बेडूक व्हायचं, खांबाला शिवून परत यायचं, हात असे झटकायचे की बोटांतून पाणी उडालं पाहिजे. शेवटी एक मोठी उडी आणि धपकन खाली. त्यानंतर जी शांतता पडायची ती गुरुजींच्या छडीने आयुष्यात कधी पाडली नव्हती. त्या शांततेत मी अक्षरं गिरवून घ्यायची. ती मुलगी सगळ्यांत उंच उडायची आणि सगळ्यांत आधी पाटीवर वाकायची. थोड्याच दिवसांत पोरंच ओरडायला लागली, "बाय, ढवळा ना." आपल्याला कधी ढवळायचं ते त्यांनाच कळायला लागलं होतं, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

पण मातीची जमीन ती. टाचांखाली पोपडे निघायला लागले. म्हातारा खाटेवरून उठून एक पोपडा हातात घेऊन आला आणि माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "ह्या काय चाललंय, बाई? शाळा हाय का तमाशा?" मी म्हटलं, बाबा, शनिवारी आम्ही सारवून देऊ. मुलं शेण घेऊन आली, आम्ही सारवलं. सोमवारी पुन्हा पोपडे. मग त्याने डाव टाकायला सुरुवात केली. एक दिवस अर्ध्या पडवीत नाचणी वाळत घातली. मी उरलेल्या अर्ध्यात ढवळलं. मग उरलेल्या अर्ध्यात उडीद पसरले. त्या मुलीने उडदावरून उडी मारली, पलीकडे पोचली, परत मारली, आणि एक दाणा हलला नाही. म्हाताऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पुढच्या दिवशी त्याने पडवीच्या खांबाला बैल बांधला.

मी तक्रार घेऊन गुरुजींकडे गेले. ते तेव्हा तिसरीला हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवून स्वतः पेपर वाचत होते. म्हणाले, "चूक तुमची आहे. हलणारं डोकं शिकत नसतं. मी बघा, इतकी वर्षं काढली, एक मूल जागचं हललं नाही."

"शिकलं का पण एखादं?" मी विचारलं.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि संध्याकाळचं म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसणं सुरू केलं. दोघांना माझ्यात एक सामाईक शत्रू मिळाला होता. पडवी रिकामी करून घ्यायची आणि माझी मुलं गुरुजींच्या खोलीत कोंबायची, असं त्यांचं तिथे शिजत होतं. मला ते मुलांकडून कळलं. मुलांना या गावातलं सगळं कळायचं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी आले तेव्हा भात कापून झालं होतं आणि भारे येऊन पडायला लागले होते. खळं करायची वेळ झाली होती. पावसाळ्यात खळ्याची जमीन भुसभुशीत होऊन जाते, तिच्यावर गवत येतं. दरवर्षी ती खरवडून, माती घालून, पाणी मारून पुन्हा घट्ट करावी लागते, नाहीतर झोडलेलं भात मातीत जातं. म्हाताऱ्याला माणूस मिळेना. मजूर वीटभट्ट्यांवर निघून गेलेले, मुलाला कारखान्यातून सुट्टी नाही. सगळ्या गावाची खळी तयार आणि ह्याच्या खळ्यात गवत.

एका संध्याकाळी शाळा सुटताना तो पडवीत आला. बैल सोडला. नंतर इतक्या गोड आवाजात बोलला, की मला आधी वाटलं तो बैलाशीच बोलतोय.

"बाई, नाय तरी तुमची पोरा नाचतातच. तं जरा माझ्या खळ्यात नाचवा ना."

मला त्याची लबाडी कळली होती. पण माझ्या हातात प्रथमच काहीतरी आलं होतं. मी म्हटलं, नाचवते. परीक्षा होईपर्यंत पडवी आमची, उड्यांसकट. बैल नाही, नाचणी नाही. "दिली," तो म्हणाला. गुरुजी ओट्यावर बसले होते, त्यांच्या देखत म्हणाला. मी तेव्हा त्यांना साक्षीदार समजले.

मग आमची ढवळणी खळ्यात व्हायला लागली. म्हातारा माती पसरून पाणी शिंपायचा, ती जरा सुकत आली की आम्ही बाहेर पडायचो. माती ओली असली की टाचेखाली ती उखडत नाही, दबते. मुलांना ते घरचं माहीतच होतं. ती मुलगी पुढे आणि बाकीची मागे, बाहेरून गोल गोल आत यायची, धप धप धप. वरून आरोळ्या. मग परत पडवीत येऊन बेरजा. त्या दिवसांत आमच्या जेवढ्या बेरजा झाल्या तेवढ्या वर्षभरात झाल्या नसतील. तिकडे शाळेच्या खिडकीतून तिसरी-चौथीचे चेहरे आमच्याकडे बघत असायचे, तोंडावर बोट ठेवून. कडेकडेने म्हातारा लाकडी चोपण्याने जमीन चोपायचा आणि कौतुकाचा एक शब्द त्याच्या तोंडातून निघायचा नाही. शेवटी सारवण झालं. गावातलं सगळ्यांत गुळगुळीत खळं आमचं झालं होतं. म्हणजे त्याचं.

मग त्याने मधोमध मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्हाला खोबऱ्याचे तुकडे वाटले. मेढ रोवली की तिथे चप्पल घालून जायचं नाही, शिवी द्यायची नाही, भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. आवाज चढला तर लक्ष्मी उठून जाते आणि भात उतरत नाही, अशी गावाची समजूत. हे मला मुलांनीच सांगितलं, आणि मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरून गेले तर आमचा फळा बाहेर तुळशीला टेकवलेला. पडवी आढ्यापर्यंत पेंढ्याने भरलेली. पेंढाही गेल्या वर्षीचा, जो वर्षभर परसात सुखाने पडून होता. मुलं दप्तरं छातीशी धरून अंगणात उभी. म्हातारा खाटेवर.

"पेंढा भिजंल," तो म्हणाला.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही शब्द दिला होता, मी म्हटलं. गुरुजींसमोर दिला होता. मी गुरुजींना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी काही ऐकलं नाही, बाई," ते म्हणाले. "आणा मुलं माझ्या खोलीत. जागा करतो." आणि त्यांची नजर नेमकी त्या मुलीवर गेली.

तिनेही ते पाहिलं. ती वळली, वाडीच्या वाटेला लागली असं मला वाटलं. पण ती खळ्यात गेली. सरळ मधोमध, मेढीला पाठ लावून बसली आणि पाटी मांडीवर घेतली.

"बाय, इथं," ती म्हणाली. "ह्या आमी केलाय."

बाकीची पोरं तिच्यामागे गेली. मी चपला कडेला काढल्या, फळा उचलून आणला, रचलेल्या भाऱ्यांना टेकवला आणि शिकवायला लागले.

म्हातारा धावत आला. त्या दिवशी त्याची झोडणी होती. मिनतवाऱ्या करून मिळवलेली माणसं येऊन बांधावर विड्या ओढत बसली होती. खळ्याच्या काठाशी येऊन त्याने तोंड उघडलं. मग मेढीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. इतके दिवस ज्याच्या जिभेला हाड नव्हतं तो माणूस शब्द गिळत उभा होता. मला त्याची जराही दया आली नाही.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा भायेर या."

"वर्ग चालू आहे," मी म्हटलं.

"दोन शबुद बोलाचेत."

"इथेच बोला ना, बाबा."

त्याला इथे बोलता येत नव्हतं. तो काठाकाठाने फिरला, मी जिथे उभी तिकडे आला, मी दुसरीकडे सरकले. बांधावरची माणसं हसायला लागली. तेवढ्यात गुरुजी छडी घेऊन तरातरा आले आणि बुटांसकट आत पाऊल टाकणार, तोच म्हातारा पुटपुटला, "गुरुजी, पायताण." गुरुजी थांबले. एका पायावर उभे राहून बूट सोडायला लागले, ते काही सुटेनात. तिथूनच ते ओरडले, "उठा गाढवांनो."

म्हाताऱ्याने त्यांचा दंड धरला. "खळ्यात आसं नाय बोलाचं," तो म्हणाला. "आधीच मला माणसा गावत नाय."

काल संध्याकाळी ज्यांचं मेतकूट जमलं होतं ते दोघे आता एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत होते. तो माझ्या नोकरीतला सगळ्यांत सुखाचा तास. आत मुलं पाढे म्हणत होती. त्या सकाळी मी ढवळणी घेतली नाही, कुणी मागितलीही नाही. आणि ती मुलगी, जिला टेबलाखाली कोंबावं लागलं होतं, ती मेढीला टेकून अशी बसली होती की पाटीवरचा हात तेवढा हलत होता.

शेवटी म्हातारा म्हणाला, "पेंढा काढतो. उठवा त्यांना."

"आधी काढा," मी म्हटलं.

त्याने काढला. एकट्याने होईना, म्हणून गुरुजींना हात लावावा लागला. पांढऱ्या शर्टावर कुसळं, डोक्यावर पेंढा असे गुरुजी पडवीतून परसात फेऱ्या घालत होते. शाळेच्या खिडकीत तिसरी-चौथीच्या तोंडावरची बोटं केव्हाच खाली आली होती. पडवी रिकामी झाल्यावर मी मुलांना म्हटलं, चला. सगळी उठली. ती उठली नाही.

"ऊठ गो," म्हातारा काठावरून म्हणाला. उन्हं वर आली होती आणि माणसं खोळंबली होती.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तितं उड्या मारू देशील?" तिने विचारलं.

"देन गो. ऊठ आता."

"तितून नको. आत येऊन बोल."

पडवीत दिलेला शब्द त्याने एका रात्रीत फिरवला होता. खळ्यात दिलेला फिरवता येणार नव्हता, हे त्याला कळत होतं, तिलाही कळत होतं, आणि आता मलाही कळलं. तो माझ्याकडे बघत होता, जणू हे मीच तिला शिकवलं होतं. मी काहीही शिकवलं नव्हतं. अजून ती जोडाक्षरांपर्यंतही आली नव्हती.

त्याने चपला काढल्या. आत आला, तिच्यासमोर मेढीपाशी उभा राहिला.

"मार उड्या," तो म्हणाला.

मग ती उठली.